रुपयाला एक आणा

परवा भाचा आला होता. वय वर्षं अठ्ठावीस, नोकऱ्या पाच. सहाव्या नोकरीचं ऑफर लेटर खिशात. आमच्या घरात हे असं कोणी बोललं की अजूनही माझ्या आईचा चेहरा पडतो. तिच्या लेखी नोकरी बदलणं म्हणजे काहीतरी बिनसलं असणार. मी त्याला सहज विचारलं, "अरे, पीएफची सगळी खाती एक केलीस का?" तो म्हणाला, "मावशी, ते आपोआप होत असेल ना?"

'होत असेल ना' या तीन शब्दांवर मी त्याला जे लेक्चर दिलं ते ऐकून तो चहा अर्धा टाकून पळाला. :-) म्हणून उरलेलं इथे लिहितेय. नातेवाईक मंडळी वाचतातच, त्यांच्यामार्फत त्याच्यापर्यंत पोचेल.

सुरुवात आजोबांपासून करायला हवी. आजोबा गिरणीत साचेखात्यात होते. कोकणातून आले तेव्हा मामाच्या खोलीत पथारी टाकायला जागा आणि गिरणीत बदलीचं काम, एवढंच भांडवल. बदली म्हणजे कायमचा माणूस आला नाही तर त्याच्या जागी उभं राहायचं. सकाळी गेटवर जायचं, काम मिळालं तर दिवस भरला, नाही तर परत. म्हातारपणाची तरतूद म्हणजे गावची जमीन आणि मुलगे. एक तिसरा इसमही असायचा, पगाराच्या दिवशी गेटबाहेर उभा असणारा सावकार. पण त्याची तरतूद तो स्वतःची करत असे.

गिरण्या जुन्या. मुंबईतली पहिली कापड गिरणी ताडदेवला १८५६ मध्ये सुरू झाली. पण तिथून जवळजवळ शंभर वर्षं, म्हातारं झाल्यावर मजुराने काय खायचं हा प्रश्न कायद्याने विचारलाच नव्हता. काही मालकांनी आपणहून विचारला, नाही असं नाही. नागपूरच्या एम्प्रेस मिलमध्ये जमशेटजी टाटांनी १८८६ साली पेन्शन फंड सुरू केला होता. पण ती मालकाची मर्जी. मालक चांगला तर फंड, नाही तर राम राम.

सरकारी नोकरांचं बरं होतं. त्यांच्या फंडाला १८९७ पासून कायद्याचं संरक्षण होतं, आणि १९२५ साली 'प्रॉव्हिडंट फंड्स ॲक्ट' आला. त्यातलं एक कलम मला फार आवडतं. फंडातल्या पैशावर सावकाराला जप्ती आणता येत नाही. माणूस कितीही कर्जात बुडो, त्याच्या म्हातारपणाला हात लावायचा नाही. पण हा कायदा सरकारी, रेल्वे आणि तशाच ठरावीक फंडांसाठी. साचेखात्यातल्या माणसाला त्याचा काय उपयोग?

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४४ मध्ये, सरकारने कामगारांच्या स्थितीची पाहणी करायला डी. व्ही. रेगे यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली. तिचा अहवाल १९४६ चा. स्वातंत्र्यानंतर आधी कोळसा खाणींसाठी १९४८ मध्ये सक्तीच्या फंडाचा कायदा झाला. मग १५ नोव्हेंबर १९५१ ला वटहुकूम निघाला, तेव्हा जगजीवनराम मजूरमंत्री होते. त्याची जागा घेणारा कर्मचारी भविष्य निर्वाह निधी कायदा ४ मार्च १९५२ ला मंजूर झाला. सुरुवातीला फक्त सहा उद्योग: कापड, लोखंड-पोलाद, सिमेंट, इंजिनिअरिंग, कागद आणि सिगारेट. त्यातही पन्नास किंवा अधिक माणसं असलेले कारखाने. ही पन्नासाची अट वीसवर यायला १९६० उजाडलं.

आणि वर्गणी किती? सव्वासहा टक्के. हा आकडा मी पहिल्यांदा वाचला तेव्हा मला गंमत वाटली. सहा नाही, सात नाही, सव्वासहाच का? मग लक्षात आलं. तेव्हा रुपयाचे सोळा आणे होते, दशमान नाणी १९५७ ची. शंभराला सोळाने भागा. सव्वासहा! म्हणजे रुपयाला एक आणा. कामगाराने आपल्या पगारातल्या रुपयामागे एक आणा द्यायचा, तेवढाच मालकाने घालायचा. शंभर रुपये पगारावर कामगाराचे सहा रुपये चार आणे, मालकाचे सहा रुपये चार आणे. साक्षर नसलेल्या माणसालाही बोटांवर मोजता येईल असा हिशेब.

आजोबा तो शेवटपर्यंत तसाच मोजत. वर्गणी पुढे वाढली, १९९७ पासून सर्वसाधारणपणे बारा टक्के झाली, पण त्यांच्या तोंडी 'एक आणा माझा, एक आणा कंपनीचा' हेच. ते कायम झाले होते म्हणून त्यांना फंड मिळाला. सुरुवातीच्या नियमात सभासद व्हायला वर्षभर सलग नोकरी किंवा दोनशे चाळीस दिवसांची हजेरी लागे. ज्यांची बदली वर्षानुवर्षं बदलीच राहिली आणि हजेरी तेवढी भरली नाही, त्यांचा एक आणाही जमला नाही.

आता मुद्द्याची गोष्ट. हा कायदा लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर जो कामगार होता तो एका गिरणीत लागायचा आणि त्याच गिरणीतून म्हातारा होऊन बाहेर पडायचा. त्यामुळे खातं मोडलं गेलं ते कारखान्याच्या नावाने. पीएफचा जुना नंबर आठवतोय का कुणाला? आधी विभागाची अक्षरं, मग कंपनीचा आकडा, आणि अगदी शेवटी, तिरक्या रेघेनंतर, आपण. म्हणजे कंपनीच्या वहीतलं एक पान. नोकरी बदलली की नवी वही, नवं पान. जुनं पान नव्या वहीत नेण्याची सोय होती, पण नेणार कोण? अर्ज माणसाने भरायचा, सह्या कंपन्यांनी करायच्या, आणि कागद एका कार्यालयातून दुसऱ्या कार्यालयात पोचायचा.

त्यात सुरुवातीच्या काळात लवकर नोकरी सोडणाऱ्याला मालकाच्या वाट्यातला काही भाग गमवावा लागे. सेवा जितकी कमी तितका फटका मोठा. स्वतःचा आणा परत मिळायचा, कंपनीचा आणा पूर्ण मिळेलच असं नाही. आज आपण 'लॉयल्टी' वगैरे गोड शब्द वापरतो. तेव्हा ती अशी पैशात मोजली जायची.

हे फक्त आपल्याकडेच होतं असं समजू नका. माझा मोठा भाऊ अमेरिकेत असतो, त्याच्याकडून तिकडची गोष्ट कळली. इंडियाना राज्यात साउथ बेंडला स्टुडबेकर नावाचा मोटारींचा कारखाना होता. डिसेंबर १९६३ मध्ये तो बंद झाला. निवृत्त झालेल्यांना आणि साठी गाठलेल्यांना ठरलेली पेन्शन मिळाली. चाळीस ते एकोणसाठ या वयातल्या सुमारे चार हजार कामगारांना हक्काच्या साधारण पंधरा टक्के रक्कम मिळाली, आणि त्याहून तरुणांना काहीच नाही. त्या हलकल्लोळानंतर अकरा वर्षांनी, १९७४ साली, तिकडे पेन्शनच्या संरक्षणाचा मोठा कायदा झाला आणि नोकरी सुटल्यावर जमा रक्कम कर न भरता स्वतःच्या खात्यात नेण्याची वाट मोकळी झाली. तिकडच्या ज्या '४०१ के' खात्याबद्दल भाऊ फोनवर बोलत असतो ते १९७८ च्या करकायद्यातल्या एका पोटकलमाचं अपत्य. त्याचीही तीन कंपन्यांत तीन खाती पडून होती, ती त्याने पन्नाशीनंतर एक केली. आळस हा आमच्या घराण्याचा गुण आहे.

बाबांच्या वेळी प्रश्नच नव्हता. वागळे इस्टेटमध्ये एक कारखाना, एकतीस वर्षं, एक नंबर. तो नंबर त्यांना पाठ होता. आम्हा भावंडांच्या जन्मतारखांत गोंधळ व्हायचा, त्या नंबरात नाही. धाकटे काका मात्र गिरणीतच राहिले. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास माणसं बाहेर पडली आणि त्यातली कितीतरी परत आत गेलीच नाहीत. काकांनी वाट पाहिली, पाहिली, आणि शेवटी हिशेब घेतला. फंडाचे पैसे वाण्याची उधारी, धाकटीचं लग्न आणि गावच्या घराची कौलं यात संपले. चाळिशीतच त्यांचं म्हातारपण खर्च होऊन गेलं. बाबांनी हे जवळून बघितलं होतं. माझ्या पहिल्या नोकरीच्या पहिल्या दिवशी मी पेढे घेऊन घरी आले तर त्यांचा पहिला प्रश्न, "फंड कापतात का?" पगार किती हा दुसरा.

ती नोकरी ऑगस्ट १९९६ ते जुलै १९९९. मग लग्न, पुणं, दुसरी नोकरी सप्टेंबर १९९९ ते मार्च २००२. मग मुलगी झाली आणि आठ वर्षं घर. मग तिसरी नोकरी जुलै २०१० पासून. तीन नोकऱ्या, तीन नंबर. बरोबरच्या बहुतेकींनी नोकरी सोडताना पैसे काढून घेतले होते. कुणाचा फ्रीज आला, कुणाची स्कूटर. मी काढले नाहीत. दूरदृष्टी वगैरे काही नाही, फॉर्म भरायचा कंटाळा. आळसाने केलेलं एवढं एकच पुण्य माझ्या खात्यावर आहे.

मी काय वाचवलं हे मला २०१४ च्या नोव्हेंबरात कळलं. सासूबाईंचं दुखणं वाढलं होतं आणि मी पुढच्या जूनमध्ये नोकरी सोडायची ठरवत होते. ऑफिसातल्या हिशेबनीसकाकांना सांगितलं तर ते म्हणाले, "ताई, तुमची पाच वर्षं होतील. दहा झाली असती तर पेन्शन बसली असती."

ही पेन्शन म्हणजे १६ नोव्हेंबर १९९५ पासून आलेली योजना. त्याआधी १९७१ ची कुटुंब पेन्शन होती, ती कामगाराच्या माघारी त्याच्या घरच्यांसाठी. १९९५ ची कामगाराला स्वतःलाही मिळते. मालकाच्या वाट्यातले ८.३३ टक्के, ठरवलेल्या पगारमर्यादेपर्यंत, या पेन्शनच्या पेटीत जातात. बाकीचे आणि आपले सगळे फंडात. पण अठ्ठावन्नव्या वर्षी महिन्याची पेन्शन हवी तर सेवा दहा वर्षांची लागते. आणि खाती जोडली नाहीत तर प्रत्येक नोकरी शून्यापासून मोजली जाते.

मी कागदावर बेरीज केली. तीन वर्षं, अधिक दोन वर्षं सात महिने, अधिक पाच वर्षं. दहा वर्षं सात महिने! पहिली नोकरी वगळली तर सात वर्षं सात महिने, म्हणजे काहीच नाही. सगळं त्या पहिल्या तीन वर्षांवर अडलं होतं. आणि ती कंपनी कधीच बंद पडली होती. नंबर माझ्याकडे नव्हता. पगाराच्या जुन्या स्लिपा मी लग्नानंतर रद्दीत घातल्या होत्या.

नेमकं त्याच वर्षी देशभर बारा आकडी नंबर दिला जात होता, यूएएन. ऑक्टोबर २०१४ मध्ये त्याचा दिल्लीत गाजावाजाने प्रारंभ झाला. त्याचं महत्त्व तेव्हा मला फारसं कळलं नव्हतं. आता वाटतं, १९५२ नंतर फंडाच्या इतिहासातली ही सगळ्यात मोठी उलथापालथ होती. पहिल्यांदाच नंबर कंपनीचा नव्हता, माणसाचा होता. कंपन्या बदलोत, पानं बदलोत, वही आपली. पण ती वही माझ्यासाठी २०१४ ला उघडली. १९९६ चं पान त्यात मला हाताने चिकटवायचं होतं.

ठाण्याला आईकडे गेले. बाबा जाऊन पाच वर्षं झाली होती. त्यांची पत्र्याची पेटी माळ्यावर होती. तीत त्यांच्या स्वतःच्या एकतीस वर्षांच्या फंडाच्या वार्षिक स्लिपा, सालवार, एका दोऱ्यात ओवलेल्या. आणि त्यांच्याखाली वेगळ्या पाकिटात माझ्या दोन. १९९७ ची आणि १९९८ ची. मी घरात कुठेतरी टाकलेल्या, त्यांनी उचलून ठेवलेल्या. पाकिटावर पेन्सिलने माझं माहेरचं नाव आणि खाली 'पहिला फंड. जपून.' एवढंच.

मी पेटीजवळ बराच वेळ बसून राहिले. असो.

स्लिपेवर नंबर होता. पण माणूस? पहिल्या खात्यावर माझं माहेरचं नाव, वडिलांच्या नावासह, त्यातही एक अक्षर चुकलेलं. दुसऱ्या-तिसऱ्यावर सासरचं नाव आणि नवऱ्याचं. वारस म्हणून पहिल्या खात्यावर बाबा, जे आता नव्हते. पीएफच्या कार्यालयातल्या बाई शांतपणे म्हणाल्या, "मॅडम, तुम्ही दोघी एकच आहात याचा पुरावा आणा." त्यांनी कागदांची यादीही स्वतः लिहून दिली. शाळा सोडल्याचा दाखला, लग्नाचं प्रमाणपत्र, राजपत्रात छापलेला नावातला बदल, तेरा नंबरचा फॉर्म, आणि कंपनी उरली नसल्याने बँक मॅनेजरची साक्षांकित सही.

आपल्याकडे लग्नात बाईचं नाव किती सहज बदलतं! तांदळात अंगठीने नाव लिहिलं की झालं. ते परत जुळवायला मला सात महिने आणि पाच फेऱ्या लागल्या. पुरुषांनी हे वाचून घ्यावं. तुमच्या पाच खात्यांवर निदान तुम्ही एकच असता.

आणखी एक गोष्ट तेव्हा कळली. तीन वर्षं ज्या खात्यात काहीच भर पडली नाही, अशा खात्यांवर १ एप्रिल २०११ पासून व्याज थांबवलेलं होतं. म्हणजे माझी दोन्ही जुनी पानं नुसती झोपून होती. हा नियम नोव्हेंबर २०१६ मध्ये बदलला, तेव्हापासून निवृत्तीच्या वयाआधी खातं असं मरत नाही. व्याजाचाही इतिहासच आहे. १९५२-५३ ला तीन टक्के, १९८९-९० पासून दहाएक वर्षं चक्क बारा टक्के, २०२४-२५ ला सव्वाआठ. माझी पहिली नोकरी त्या बारा टक्क्यांच्या काळातली. तीन वर्षांची ती चिल्लर बघता बघता बरीच मोठी झाली होती.

मे २०१५ मध्ये ठाण्याहून पुण्याला 'ॲनेक्शर के' नावाचा कागद पोचला. जुन्या खात्यातली रक्कम आणि जुनी सेवा त्यावर लिहिलेली असते. लोक रक्कम बघतात. मी सेवेचा रकाना बघितला: तीन वर्षं. जूनअखेर नोकरी सोडली. पेन्शनचं प्रमाणपत्र मिळालं, ते आता माझ्या फायलीत आहे. अठ्ठावन्नाव्या वर्षी चालू होणारी ती रक्कम फार नाही, महिन्याचा सिलिंडर आणि फोनचं बिल निघेल. पण घरी बसून भाषांतरं करणाऱ्या बाईला आयुष्यभर दर महिन्याला येणारं दुसरं काय असतं?

आता हे खूप सोपं झालंय. जानेवारी २०२५ पासून बऱ्याच बाबतींत खातं हलवायला कंपनीच्या सहीचीही गरज उरलेली नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली आणि आजोबांच्या वेळचा १९५२ चा कायदा तिच्या पोटात गेला. पण यंत्राला एक अक्षर चुकलेलं चालत नाही. कार्यालयातल्या बाईंनी समजून घेतलं, यंत्र घेणार नाही.

म्हणून भाच्या, ऐक. एका यूएएनखाली पाचही खाती दिसतात का ते बघ. दोन यूएएन झाले असतील तर जुन्यातलं नव्यात आण. प्रत्येक ठिकाणी नाव, जन्मतारीख, नोकरीत लागल्याची आणि सोडल्याची तारीख ताडून बघ. नोकरी सोडली की लगेच पैसे काढू नकोस. सलग पाच वर्षं भरायच्या आत काढलेल्या पैशावर साधारणपणे कर लागतो, आणि हलवलेल्या खात्याची जुनी वर्षं त्या पाचात धरली जातात. वारसाचं नाव बघून घे. आणि पेन्शनची सेवा आली का तेही बघ, नुसती रक्कम नको.

काल रात्री त्याचा मेसेज आला. पाचपैकी तीन खाती जुळलेली होती. चौथ्यात सोडल्याची तारीखच नव्हती आणि पाचवं सापडतच नव्हतं. नंबर कुठे असेल, विचारत होता.

मी लिहिलं, "आईला विचार. तिने कुठेतरी ठेवला असेल."